धोंडाबाईची चंद्रकोर

ता. ९ नोव्हेंबर १९५८, घोटावडे

बाईंचा खरा खर्च आज मांडून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी विचारलं तर थापा माराव्या लागणार नाहीत. लिलावात एकशे चाळीस दिले, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं. येताना लॉरीचा पाटा मोडला. शाळेसाठी हेरून ठेवलेल्या सहा सागवानी खिडक्या हातच्या गेल्या, कारण मी बाईंवर बोली लावत होतो तेवढ्यात दुसऱ्याने त्या उचलल्या. गोमा ड्रायव्हरने बाईंना धक्के बसू नयेत म्हणून स्वतःचं घोंगडं खाली घातलं, त्याला हातभर भोक पडलं. आणि तुळजाबाई, म्हणजे आमची मंडळी, कालपासून माझ्याशी बोलत नाही, भांड्यांशी बोलते. "खिडक्या आणाय गेला न् बाई घिऊन आला." हे ती पातेल्याला म्हणाली. मी ओट्यावर होतो, पण माझे कान तिखट आहेत. या कानांवरच मी मोळीविक्याचा लॉरीवाला झालो. पुण्यात कोळशाचा भाव वर जाणार हे मला वखारीतल्या खोकल्यावरून कळतं.

बाई म्हणजे पुतळा. पुरा नाही, छातीपर्यंतच. कांस्याचा, आतून पोकळ, तरी वजन पाऊण मण. पुण्याच्या लष्कर भागातल्या एका पारशी बाईंच्या बंगल्याचं सामान निघालं होतं. लिलावाचा कारकून म्हणाला, ही डायना, रोमन लोकांची शिकारीची देवी, सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीत ओतलेली. कपाळावर चंद्राची कोर, कारण ती चंद्राचीही देवी. छातीवरून आडवा पट्टा, कारण पाठीला बाणांचा भाता. आणि ती जन्माची कुमारिका.

हे शेवटचं मी घरी सांगितलेलं नाही, कारण मला तिला आई म्हणून बसवायची आहे.

ता. १० नोव्हेंबर

काल लिहिलेलं वाचून वेडेपणा वाटला. तेव्हा नीट लिहितो.

गावच्या शाळेला दोन खोल्या मी बांधून देतोय. जागा हैबतराव पाटलांची. त्यांना शाळेला वडिलांचं नाव हवं, मला आईचं. कमिटी म्हणाली, ज्याचं नाव त्याची मूर्ती नाहीतर तसबीर दर्शनी पाहिजे. पाटलांकडे वडिलांची, म्हणजे आबांची, फेटा बांधलेली तसबीर आहे. माझ्याकडे काही नाही. मोळी विकणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतो? पाटील भर बैठकीत म्हणाले, "जिचं त्वांड कुनाला ठावं न्हाई, तिचं नाव शाळंला?" सगळे हसले. मी मिशीवर हात ठेवून म्हणालो, "सव्वीस जानेवारीला आईचा पुतळा उभा करतो. शाळंला तिचं नाव लागलं न्हाई, तर ही मिशी ठिवनार न्हाई." कमिटीने ते लिहून घेतलं नाही, पण गावाने घेतलं.

आई धोंडाबाई. डोंगरात लाकूड तोडायची, मोळी डोक्यावर घेऊन पुणं गाठायची, आणि येताना रिकामा दोर खांद्यावरून छातीवर आडवा घ्यायची. मी पोटात असताना बाप बसऱ्याच्या लढाईला हमाल म्हणून गेला. परत आला नाही. मेल्याचा कागदही आला नाही. म्हणून आईने कुंकू पुसलं नाही. रोज सकाळी मेण लावून त्यावर कोर काढायची. बाया म्हणायच्या, आता पूस. ती म्हणायची, "बोट लांबची हाय, येळ लागतो." हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. सवाष्ण म्हणावी तर नवरा नाही, विधवा म्हणावी तर कागद नाही. मी नऊ वर्षांचा असताना तापाने गेली. ती कोर घेऊनच गेली.

आता लिलावात मी काय पाहिलं ते कळेल. देवी नाही पाहिली. कोर पाहिली, आणि दोर पाहिला. चेहरा काय, करून घेता येतो. आईचा चेहरा मला पक्का आठवतो. मुलगा आईचा चेहरा विसरत नसतो. डोळे मिटले की आधी कोर दिसते, मग दोर दिसतो. मधलं जरा पुसट आहे, पण ते जागेपणी.

ता. १६ नोव्हेंबर

बाईंना घेऊन तांबट आळीत गेलो. भिकूशेट तांबट जुना ओळखीचा. त्याने पुतळ्याला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "चांगली आहे हो. कशाला हात लावता?"

मी सांगितलं. डोक्यावरून पदर पाहिजे. उघडा खांदा झाकायचा, पण पट्टा झाकायचा नाही. नाकात नथ. आईकडे नथ कधी नव्हती. आता मी घेऊ शकतो तर घालायला ती नाही, म्हणून पुतळ्याला. कानात बुगड्या. आणि चेहरा आईसारखा.

"कसा होता?"

"चांगला होता."

"नाक?"

"होतं की."

"शेट, फोटो?"

"न्हाई."

भिकूशेट बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जमेल. पण दर रविवारी येऊन बसावं लागेल."

मी म्हटलं, देखरेखीला येणारच होतो.

ता. ३० नोव्हेंबर

भिकूशेट भला माणूस. पाहुणचार फार करतो. मला खिडकीशी उजेडात बसवतो, चहा देतो, आणि सारखी चौकशी. "शेट, मान जरा डावीकडे, वारा लागेल." "शेट, हनुवटी वर, मुंग्या येतील." आज जोड झाळायचं काम होतं, तर म्हणाला, "मिशीवर आडवा तळहात धरून बसा, ठिणगी उडते." घटकाभर तसा बसलो. ठिणगी काही उडाली नाही, पण काळजी किती!

बाईंचे कान केसांत दडलेले आहेत. बुगड्या कशाला अडकवणार? तो म्हणाला, पत्र्याचे नवे करू. कोणत्या मापाचे? मी म्हटलं, बेताचे. तो खाली मान घालून कानशीने बाईंचं नाक घासू लागला. खांदे हलत होते. कानस चालवताना हलतातच.

ता. १४ डिसेंबर

आज काम पुरं झालं. भिकूशेटने फडकं ओढलं आणि मला हुंदका आला. आई! तेच नाक, शेंड्याला जरा बसकं. तीच हनुवटी. कान थोडे मोठे झालेत खरे, पण ऐकण्याचा गुण माझ्यात कुठून आला ते त्यावरून कळतं. भिकूशेट म्हणाला, "पटलं का?" मी म्हटलं, "अरे, पस्तीस वर्षं झाली, पण पाहताक्षणी ओळखलं. दुसरं कुणी असतं तर चुकलं असतं."

त्याने मजुरी कमी घेतली. म्हणाला, असं काम पुन्हा मिळायचं नाही.

ता. १५ डिसेंबर

पुतळा माजघरात ठेवला. तुळजाबाईने पाहिला, तोंडाला पदर लावला आणि परसात पळाली. बराच वेळ आली नाही. भावना अनावर झाल्या असाव्यात. तिने सासूला पाहिलंही नव्हतं.

आल्यावर डोळे पुसत म्हणाली, "लई वळखीचं वाटतंय वो."

"सासू आहे तुझी."

"तर! म्हून तर धाक वाटतुया."

मी विचारलं, नाक बरोबर आहे का? ती म्हणाली, "त्या आधीच्या गोऱ्या बाईचं नाक सुरीवानी व्हतं. त्ये ऱ्हायलं असतं तर मानसं म्हनली असती, मग ल्योकाचं आलं कुटनं?" हुशार बाई आहे. अबोला सुटला हे बरं झालं.

ता. २१ डिसेंबर

गाव येऊन पाहून जातंय. शाळेचे गुरुजी आले. त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुतळ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "साम्य विलक्षण आहे." मी म्हटलं, तुम्ही तर आईला पाहिलं नाहीत. ते म्हणाले, "तरीसुद्धा."

संध्याकाळी चहाच्या हॉटेलामागून येत होतो. आत कुणीतरी म्हणत होतं, "मिशी काडली की झालंच की वो मग!" आणि जो हशा पिकला तो शेजारच्या नांद्यापर्यंत गेला असेल. म्हणजे मी पैज हरणार असं गाव धरून चाललंय. ठीक आहे. बघू.

ता. ४ जानेवारी १९५९

पाटील आज स्वतः घरी आले. पुतळ्यापुढे बसले, पान लावलं. मग म्हणाले,

"कुशाबा, पुतळा झ्याक हाय. नाक, कान, समदं घरचं हाय. पर त्यो कपाळावरचा चांद काड."

"का?"

"रांडाव बाईच्या कपाळाला कुंकू? शाळंच्या दारात? पोरंबाळं बगनार."

"पाटील, बाप मेल्याचा कागद न्हाई आला."

"आरं, चाळीस सालं झाली! आजून काय तुजा बा बसऱ्यास्नं चालत यायचाय?"

पाटील वाईट माणूस नाही. पण आईला हळदीकुंकवाच्या दारातून परत पाठवलं ते त्यांच्याच आईने. आणि कमिटीचे दोन म्हातारे त्यांच्या बाजूचे आहेत. उठताना म्हणाले, "चांद काड, नाव तुज्या आईचं. माजं कायबी म्हननं न्हाई. आबांची तसबीर घरात लावीन."

सौदा स्वस्त आहे. बोटभर कांस्य, आणि शाळेला कायमचं नाव. कुठलाही व्यापारी घेईल.

ता. ११ जानेवारी

पुतळा पुन्हा भिकूशेटकडे नेला. म्हटलं, कोर घासून काढ. तो म्हणाला, "विचार केलात?" मी म्हटलं, केला. त्याने कानस लावली. एक हात मारला.

तांबट आळीत दिवसभर हातोडे चालतात, दुसरं काही ऐकू येत नाही. पण तो कानशीचा एक आवाज मला असा ऐकू आला की दातात गेला. मी म्हटलं, "थांब." तो म्हणाला, "चहा घ्या." मी म्हटलं, "नको. बांध."

कोरेवर डाव्या टोकाला नखाएवढा पिवळा ओरखडा पडला आहे. पैसे देऊ लागलो तर तो म्हणाला, एका हाताचे काय घ्यायचे?

ता. १२ जानेवारी

लॉरी पौडला अडकली. कोळसा भिजला. लिहिण्यासारखं काही नाही. चांद काढावा का नाही, विचार चालू आहे.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

आज तुळजाबाईचं हळदीकुंकू. पुरुषांना माजघरात मज्जाव. मी मधल्या दाराआड हिशेब करत बसलो होतो. हिशेब झाला नाही.

आधी तुळजाबाईचा आवाज: "पयलं वाण सासूबाईंचं." मग बांगड्या वाजल्या. पुतळ्याच्या कोरेला तिने कुंकू लावलं असावं. आता कुणी काही बोलणार, असं वाटून माझा हात कडीवर गेला. तेवढ्यात दुसऱ्या बांगड्या वाजल्या, जाड, पाटल्यांसकट. तो आवाज मी ओळखतो. पाटलीणबाई. त्यांनीही लावलं. मग ओळच लागली.

मग रंभाबाईला धरून आणलं. ती आईबरोबर मोळ्या न्यायची. आता सत्तरीच्या पुढे आहे, दोन्ही डोळ्यांत सारा पडलाय, दिसत नाही. ती म्हणाली, "मला हात लावू द्या गं." आणि तिने चाचपायला सुरुवात केली.

"नाक... व्हय. हनवटी... व्हय. कान... आगं बया, कान तर पुरं हायेत." मग थांबली. "आन् मिशी कुटं गेली?"

बाया अशा हसल्या की फडताळातली भांडी वाजली. तुळजाबाई तर म्हणे खालीच बसली. म्हातारी बिचारी काहीतरी बरळली. पण मला राग आला. माझ्या पैजेची थट्टा आता आंधळ्या बाईच्या तोंडीसुद्धा गेली म्हणजे हद्द झाली.

मग हसणं ओसरलं आणि रंभाबाई म्हणाली, हळू, पण मला ऐकू आलं:

"ही मातुर धोंडीची. ही कोर धोंडीची. पारूकडनं मेण आणायची, वाडीवरल्या. मला म्हनायची, रंभे, घाम आला तरी फुटत न्हाई बग." आणि जरा वेळाने, "हितं कुनी खरवाडलं गं?"

तुळजाबाईला ठाऊक आहे. तिने दाराकडे पाहिलं असणार, कारण मी दारापासून मागे सरलो.

तिळगूळ खाल्ला नाही.

ता. १८ जानेवारी

कमिटीची बैठक. पाटलांनी विचारलं, "चांद काडला का?"

मी म्हटलं, "न्हाई. आन् पाटील, संक्रांतीला त्यावर पाटलीणबाईंनी कुंकू लावलंय. त्यास्नी इचारून मग मला काडाय सांगा."

पाटलांनी सुपारी चावायची थांबवली. ही बातमी त्यांना घरून मिळालेली नव्हती. गुरुजी खिडकीबाहेर पाहू लागले. मला वाटलं, जिंकलो.

पण पाटील म्हणजे पाटील. पान थुंकून आले आणि म्हणाले, "बरं. बायकांनी मान दिला, आमी कोन काडनारं? चांद ऱ्हाऊ दे, पुतळाबी दारातच बसू दे. पर मग गावचं दोन्ही मान एकाच घरी जायाचं न्हाईत. नाव आबांचं. न्हाईतर चांद काड आन् नाव घे. दोन्हीतलं एक बोल."

दोन्ही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. गुरुजीही म्हणाले, तोडगा रास्त आहे.

मी हिशेबी माणूस. कोळशाच्या पोत्याला आठ आणे सोडले नाहीत कधी. दोन खोल्यांचा पैसा माझा, सिमेंट माझं, पत्रे माझे. तोंडात होतं, "रातभर इचार करतो." तोंडातून गेलं, "नाव तुमी घ्या. चांद ऱ्हाऊ द्या."

पाटलांनी विचारलं, "आन् मिशी?"

"मिशी जाईल."

"आरं, त्ये चेष्टंत बोललं व्हतं."

"तुमी चेष्टंत. मी न्हाई."

घरी येऊन तुळजाबाईला सांगितलं. वाटलं होतं भांड्यांशी बोलेल. तिने पोळीवर तूप वाढलं, नेहमीपेक्षा जास्त.

ता. २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. 'कै. रावजी पाटील विद्यामंदिर' अशी पाटी. तिच्याखाली, दारातच, दगडी चौथऱ्यावर आई. पदर, नथ, दोर, कोर. उन्हात अशी चमकत होती की शिकार करणारी देवी तिच्यापुढे पाणी भरेल. पोरं पाटी वाचत नव्हती, आईला बघत होती. मला तेवढं पुरे.

तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनी हार घातला, मागे होऊन पाहिलं, माझ्याकडे वळले आणि हळूच विचारलं, "आपल्या भगिनी का?"

"आई."

"असं! तरीच."

शिकलेला माणूस, चट ओळखलं. भाषणात मी एवढंच बोललो की तसबिरी पुष्कळांकडे असतात, पण पस्तीस वर्षांनी आईचा चेहरा मनातून काढून धातूत उभा करायला लेकाची नजर लागते. फार टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत पाटील रुमालात खोकत होते.

रंभाबाई शेवटी आली. तिने फक्त कोरेला हात लावला. डाव्या टोकाशी बोट जरा थांबलं. मग म्हणाली, "कुशा, बोट आली का रं?" मी म्हटलं, "न्हाई म्हातारे." ती म्हणाली, "यील."

ता. २८ जानेवारी

आज बोललेलं फेडलं. गेनू न्हाव्याला घरी बोलावलं. तो धोकटी उघडेना. "शेट, पाटील म्हनत्यात ऱ्हाऊ द्या. समदं गाव म्हनतंय ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "गावाला तर बघायचीच घाई हाय. चालव वस्तरा."

सोळाव्या वर्षी मिसरूड फुटलं तेव्हापासून तिथे वस्तरा फिरला नव्हता. आधी उजवी बाजू गेली, मग डावी. ओठाला वारा लागला. गेनूने तोंड पुसलं, दोन पावलं मागे सरला आणि वस्तरा हातात तसाच धरून मटकन खाली बसला.

तुळजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला पाहिलं आणि झटकन डोक्यावरून पदर घेतला, सासूपुढे घ्यावा तसा. हसली नाही.

मी म्हटलं, "गेनू, आरसा दे."

"आरसा कशाला शेट?" तो म्हणाला. "शाळंत जाऊन बगा की."

तरी घेतला. आरशात नथ तेवढी नव्हती.